दरजांनी झिजायचे असते

जुन्या विटांच्या घराच्या दरजा उघड्या पडल्या, बोट घातले की पांढुरकी भुकटी हाताला लागू लागली, की गवंड्याला बोलावणे जाते. तो थापीच्या टोकाने दोन-चार ठिकाणी उकरून बघतो आणि निदान सांगतो, "चुना मेलाय, साहेब. सगळं खरवडून सिमेंटनं भरून घ्या, पुन्हा बघायला नको." घरमालकाला ते पटते, कारण त्याचेही मत तेच असते. कंत्राटदाराला पटते, कारण सिमेंटची पोती त्याच्या दारात पडलेलीच असतात. अभियंत्यालाही त्यात काही खटकत नाही. दरजा भरणे म्हणजे एक भाग सिमेंट आणि तीन भाग वाळू, असेच त्याने पदविकेच्या वर्गात आणि सरकारी दरसूचीत वाचलेले असते. इतक्या जाणत्यांचे एकमत झाल्यावर विषय वादाचा उरत नाही. माझ्या मते तो वादाचा आहे, आणि तो वाद नीट न झाल्याची किंमत पुणे, वाई, सातारा, नाशिक इथल्या जुन्या घरांच्या विटा आज मोजत आहेत.

खंडनाची आपली रीत अशी की आधी पूर्वपक्ष पुऱ्या बळानिशी मांडावा. तो असा आहे. चुन्याच्या दरजा झिजल्या हे उघड दिसते. जे झिजले ते कमकुवत होते. त्याच्या जागी त्याहून मजबूत आणि पाणी न पिणारे काही भरले, तर भिंत पूर्वीपेक्षा बळकट होईल आणि कोरडी राहील. शिवाय सिमेंट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, दुसऱ्या दिवशी कडक होते, ते हाताळणारा माणूस गल्लोगल्ली सापडतो. चुना मळायची घाणी आता कुठे आहे, आणि तो मुरेपर्यंत थांबायला वेळ कोणाला आहे?

या मताच्या पाठीशी अनुभवही आहे. जोसेफ ॲस्पडिनने इंग्लंडमध्ये पोर्टलँड सिमेंटचे पेटंट घेतले १८२४ मध्ये. आपल्याकडे पोरबंदरच्या कारखान्यातून सिमेंट बाहेर पडू लागले १९१४ पासून. १९३६ मध्ये मुंबईत अनेक सिमेंट कंपन्या एकत्र येऊन ए.सी.सी. उभी राहिली आणि त्यानंतरच्या पिढ्यांनी धरणे, पूल, टाक्या, इमारती सिमेंटच्याच होताना पाहिल्या. सिमेंटवरचा त्यांचा विश्वास डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींतून आला आहे. त्याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

पण युक्तिवादाची पहिलीच पायरी निसरडी आहे. झिजले ते कमकुवत होते, हे खरे. कमकुवत असणे हा त्या मालाचा दोष होता, हे मात्र कोणी सिद्ध केलेले नाही. ते नुसते गृहीत धरले गेले आहे.

आधी ताकदीचाच हिशेब करू. दुमजली घराची सात मीटर उंच भिंत घ्या. विटकामाचे वजन घनमीटरला साधारण १९०० किलो धरतात. म्हणजे सर्वांत खालच्या थराच्या दरजेवर भिंतीचा स्वतःचा भार येतो चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वा किलो. माडी, छप्पर, माणसे, सामान सगळे धरून तो अडीचपट केला तरी साडेतीन किलोच्या आत राहतो. आता विटेकडे बघा. आय.एस. १०७७ या भारतीय मानकात भाजलेल्या विटेची जी सर्वांत हलकी प्रत आहे, तिचीही ताकद चौरस सेंटिमीटरला ३५ किलोच्या आसपास असावी लागते. भिंतींच्या रचनेचे मानक आहे आय.एस. १९०५. त्यातला सर्वांत हलका माल पाच किलोचा आहे. आणि आपण दरजेत भरतो तो एकास तीनचा सिमेंटचा माल शंभर किलोच्या पुढे सहज जातो. गरज साडेतीनची, वीट पस्तीसची आणि माल शंभराचा, असे हे गणित आहे. जी ताकद भिंतीने कधी मागितलीच नाही ती आपण पैसे देऊन विकत घेतो. ती नुसती वाया गेली असती तरी चालले असते. ती विटेवर उलटते.

कारण भिंत स्थिर नसते. दुपारी तापते, रात्री निवते. पावसाळ्यात विटा पाणी पिऊन किंचित फुगतात, उन्हाळ्यात आकसतात. देशावरच्या काळ्या जमिनीवर घर असेल तर पायाखालची मातीच दरवर्षी फुगते आणि भेगाळते. ही हालचाल कुठेतरी सामावावी लागते. चुन्याच्या दरजा मऊ असतात. त्या हालचाल आपसात वाटून घेतात आणि शेकडो बारीक चिरांमध्ये ती विरून जाते. त्या चिरांत पावसाचे पाणी शिरले की दरजेतला मोकळा चुना थोडा विरघळतो, पुढे सरकतो आणि सुकताना चिरेतच पुन्हा दगड होऊन बसतो. अशी चीर आपोआप बुजते. सिमेंटची दरज ताठ असते. ती वाकत नाही, म्हणून ताण विटेत जातो आणि तडा दरजेतून जाण्याऐवजी विटेच्या पोटातून जातो. दरज पुन्हा भरता येते, वीट भरता येत नाही.

त्यातही दरजा भरण्याचे काम आपल्याकडे जसे होते ते पाहिले तर धोका आणखी वाढतो. पुष्कळ वाड्यांच्या भिंती आतून मातीच्या मालात बांधलेल्या असतात आणि चुना फक्त दर्शनी दरजांत असतो. अशा भिंतीच्या तोंडावर बोटाच्या पेराइतक्या जाडीचे सिमेंट थापले की आतला भाग मऊ आणि बाहेरची कड टणक होते. भिंत जरा दबली की सगळा भार त्या टणक कडेवर येतो आणि विटांच्या दर्शनी कडा टवके उडून निघतात. नाहीतर सिमेंटची ती पट्टीच आतल्या मातीला न धरता दोन-तीन पावसाळ्यांत सुटून हातात येते.

तरीही ताकद हा या वादातला दुय्यम मुद्दा आहे. खरा मुद्दा पाण्याचा आहे, आणि तिथे प्रचलित मत सर्वांत जास्त चुकते.

भाजलेली वीट स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी पिऊ शकते. साध्या विटेसाठी मानकाने ती मर्यादाच घालून दिली आहे. तीन किलोच्या विटेत अर्ध्या लिटरहून जास्त पाणी मावते. असे पाणी भिंतीत पावसातून येते, जमिनीतून वर चढते, मोरीच्या फुटक्या नळातून झिरपते. ते येणारच. जुन्या बांधकामाने पाणी अडवण्याचा हट्ट कधी धरला नव्हता. त्याची योजना अशी होती की आलेले पाणी लवकर बाहेर पडावे, आणि बाहेर पडण्याची वाट दरजेतून असावी. चुन्याचा माल विटेपेक्षा सच्छिद्र असतो, म्हणून ओल विटेतून दरजेत येते आणि तिथून हवेत उडते. पाण्यात विरघळलेले क्षारही दरजेतच गोळा होतात, तिथेच फुलतात आणि दरजेलाच पोखरतात. पन्नास, ऐंशी, शंभर वर्षांत दरज झिजते. ती झिजली म्हणून वीट शाबूत राहिली. मरण्याचे काम ज्याच्याकडे दिले होते त्याने ते चोख केले, असाच त्या भुकटीचा अर्थ आहे.

आता ही वाट सिमेंटने बंद केली की काय होते, ते बघायला पुण्यातल्या पेठांमधल्या एखाद्या बोळात जावे. जुन्या वाड्याच्या मागच्या भिंतीवर कंबरेच्या उंचीपर्यंत दरजा तीस-चाळीस वर्षांपूर्वी कधीतरी सिमेंटने भरलेल्या असतात. करड्या रंगाचे ते आडवे-उभे चौकट-जाळे अजून ठणठणीत असते, हातोडीने ठोकले तर खणखणते. त्या चौकटींतल्या विटा मात्र इंच-दीड इंच आत गेलेल्या असतात, काही ठिकाणी पार नाहीशा झालेल्या असतात आणि भिंत रिकाम्या मधाच्या पोळ्यासारखी दिसते. उरलेल्या विटेवर नख फिरवले की पापुद्रा सुटतो आणि त्याच्या मागे बारीक पांढऱ्या तंतूंचा थर दिसतो. घरातली माणसे त्याला बुरशी म्हणतात. ती बुरशी नाही, तो लोणा, म्हणजे भिंतीवर फुललेला क्षार आहे. बोटाने पुसला की कोरडा चुरचुरीत लागतो आणि पाण्यात टाकला की विरघळून जातो. त्याच भिंतीवर जरा वर, जिथे सिमेंट पोचलेले नाही, तिथे चुन्याच्या दरजा खोल गेलेल्या असतात आणि विटांच्या कडा अजून धारदार असतात. एकच भट्टी, एकच पाऊस, एकच बोळ. वरच्या आणि खालच्या भागात मोठा फरक आहे तो दरजेतल्या मालाचा.

लोण्याने वीट फुटते कशी, हे थोडे खोलात जाऊन पाहण्यासारखे आहे. क्षार जमिनीतून येतात, सांडपाण्यातून येतात, विटेच्या मातीत असतात, आणि सिमेंट स्वतःही काही विद्राव्य सल्फेट बरोबर घेऊन येते. त्यांतला सोडियम सल्फेट सर्वांत घातक आहे. त्याची दोन रूपे आहेत, एक कोरडे आणि एक दहा रेणू पाणी धरलेले. कोरड्याचे ओले रूप होताना त्याचे आकारमान जवळपास चौपट होते. शुद्ध द्रावणात हा पालट ३२.४ अंश सेल्सिअसच्या आसपास होतो आणि हवेतल्या दमटपणाप्रमाणे त्याखालीही होत राहतो. पुण्याच्या उन्हाळ्यात भिंत दुपारी या रेषेच्या वर जाते आणि रात्री खाली येते. विटेच्या छिद्रात अडकलेला स्फटिक असा पुन्हापुन्हा आकार बदलतो. जागा अपुरी पडली की छिद्राची भिंत फुटते आणि विटेचा पापुद्रा सुटतो. पाणी जिथे उडते तिथे हा खेळ चालतो. दरज मोकळी असेल तर तो दरजेत चालतो. दरज बंद केली तर विटेच्या तोंडाशी, कातडीच्या लगेच आत.

मोहेंजोदडोच्या भाजलेल्या विटा हजारो वर्षे मातीखाली टिकल्या आणि उत्खननानंतर वर आल्यावर काही दशकांत पिठूळ होऊ लागल्या. कारण हेच, क्षारांनी भरलेली ओल आणि उघड्यावरची वाफ. तिथे भिंतींना मातीचा लेप देऊन क्षार विटेऐवजी त्या लेपात यावेत अशी योजना करावी लागली. तो लेप खराब होतो, पुन्हा द्यावा लागतो, आणि तेच अपेक्षित असते. चुन्याची दरज नेमके हेच काम करत आली आहे.

इथे पूर्वपक्षाकडून एक आक्षेप येतो आणि तो विचारपूर्वक घेतलेला असतो. माल विटेपेक्षा मऊ आणि जास्त सच्छिद्र असावा हा नियम अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसच्या दरजांवरच्या मार्गदर्शिकेत आहे, इंग्लंडमध्ये १८७७ साली विल्यम मॉरिसने स्थापन केलेली जुन्या इमारती जपणारी संस्था तोच सांगते. पण ते थंड देश आहेत. तिथे विटेत अडकलेले पाणी गोठून फुगते आणि वीट फोडते. आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग तिकडचा नियम इकडे कशाला? उत्तर वर येऊन गेले आहे. तिकडे बर्फ जे करतो ते इकडे क्षार करतात, आणि बर्फाला निदान हिवाळा लागतो. आपल्याकडे चार महिने भिंत भिजवणारा पाऊस आणि आठ महिने ती सुकवणारे ऊन आहे. क्षारांना याहून सोयीचे हवामान क्वचितच मिळेल.

"दरजा भरल्या की ओल थांबते" हे वाक्य तर प्रत्येक सोसायटीच्या सभेत ऐकू येते. खालून चढणारी ओल दरजा भरून थांबत नाही. बाहेर पडायची वाट बंद झाल्यामुळे ती भिंतीत आणखी वर चढते, आणि जी ओल पूर्वी गुडघ्यापर्यंत होती ती खिडकीच्या चौकटीला आणि तुळईच्या टोकाला जाऊन भिडते. लाकूड कुजायला तिथून सुरुवात होते. पावसाच्या पाण्याचेही तसेच. सिमेंट सुकताना आकसते आणि विटेपासून केसाएवढे सुटते. त्या फटीतून पाणी आत ओढले जाते, पण तेवढ्याच फटीतून सुकून बाहेर येत नाही. खरोखर ओल थांबवायची असेल तर आधी जोत्याभोवती बघावे. गेल्या काही दशकांत गावाच्या रस्त्यांवर डांबराचे थरावर थर चढले, अंगणात फरसबंदी आली आणि जुन्या घरांची जोती गाडली गेली. पाणी भिंतीपासून दूर नेणारा उतार आणि पागोळ्या झेलणारी नीट पन्हळ यांनी जे साधते ते सिमेंटच्या दहा पोत्यांनी साधत नाही.

भूकंपाचाही मुद्दा काढला जातो. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत घरे कोसळली ती चुना-मातीची होती, म्हणून सिमेंट हवे, असे म्हणतात. इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. तिथल्या भिंती जाड, मातीत रचलेल्या दगडांच्या होत्या, त्यांच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना एकत्र बांधणारे आरपार दगड नव्हते, आणि डोक्यावर जड मातीची धाबी होती. अशा भिंतीला बळकटी आरपार दगडांनी, पट्ट्यांनी आणि कोपऱ्यांच्या बांधणीने येते. दर्शनी दरजेतल्या दोन सेंटिमीटर सिमेंटने कुठलेही घर भूकंपात उभे राहत नाही. ज्या घराला भूकंपासाठी मजबुती हवी त्याने ती जरूर करावी, पण ते वेगळे काम आहे आणि त्याचा हिशेबही वेगळा.

मग चुना पाण्यात टिकतो का? टिकतो, आणि या बाबतीत आपला इतिहास बोलका आहे. मुल्लपेरियार धरण १८९५ मध्ये पुरे झाले ते चुना-सुरखीत, म्हणजे चुना आणि भाजलेल्या विटेची पूड यांच्या मालात. कृष्णराजसागरच्या दगडकामातही सुरखीचाच माल आहे. ही धरणे आज पाणी अडवून उभी आहेत. चुना दोन तऱ्हांनी घट्ट होतो. एक हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन. ते काम संथ असते, महिन्याला मिलिमीटरभर आत जावे इतके. दुसरी तऱ्हा म्हणजे चुन्यात किंवा सुरखीत असलेल्या भाजलेल्या मातीशी संयोग होऊन. त्याला हवा लागत नाही, पाण्याखालीही ते चालते. एडिस्टनच्या दीपगृहासाठी इंग्रज अभियंता जॉन स्मीटनने १७५६ मध्ये चुनखडकांची तपासणी केली तेव्हा त्याला कळले की ज्या चुनखडकात मातीचा अंश आहे त्याचाच चुना पाण्यात घट्ट होतो. दख्खनच्या काळ्या पाषाणात चुनखडकाचे थर नाहीत. इथला चुना काळ्या मातीत आणि ओढ्याकाठी सापडणाऱ्या कंकरांच्या गाठी भाजून होत असे, आणि त्या गाठींत माती असतेच. म्हणजे आपल्या लोणाऱ्यांच्या भट्टीतून निघणारा चुना मुळातच पाण्यात घट्ट होणाऱ्या जातीचा होता. किल्ल्यांवर भटकणाऱ्यांनी दगडी चाकाचा तो गोल चर पाहिलेला असतो. त्या घाणीत बैल फिरून चुना, सुरखी आणि वाळू तासन् तास चेंगरली जायची.

घाण्या गेल्या, लोणाऱ्यांच्या भट्ट्या विझल्या, चुना हाताळणारे गवंडी थोडे उरले, हा पूर्वपक्षाचा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. ही अडचण खरी आहे. पण काम अशक्य व्हावे एवढी ती मोठी नाही. कळीचा चुना आणि पोत्यातला विरवलेला चुना आजही बाजारात मिळतो. पोत्यातला ताजा चुना पाण्याखाली पिंपात भिजत ठेवला की काही आठवड्यांत लोण्यासारखा मऊ होतो. कळीचा चुना विरवताना पाणी उकळते आणि शिंतोडे उडतात, म्हणून डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे हवेतच. यात हयगय करू नये, डोळा जाऊ शकतो. असा चुना कंकराच्या चुन्यासारखा पाण्यात घट्ट होणारा नसतो, म्हणून त्याला सुरखीची जोड द्यावी. एक भाग चुना, एक भाग सुरखी, दीड-दोन भाग धुतलेली, वेगवेगळ्या जाडीच्या कणांची वाळू, इथून सुरुवात करता येते. घाणीच्या जागी आज लहान यांत्रिक चक्की चालते. तीही नसेल तर लोखंडी घमेल्यात फावड्याने चेचून मळावा. पाणी कमी आणि मेहनत जास्त, एवढे पाळावे.

सुरखीबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, कारण इथे बरीच कामे बिघडतात. सुरखी कमी भाजलेल्या, पिवळट-तांबड्या विटेची बारीक पूड असावी. जळून काळ्या पडलेल्या विटेची पूड नुसती भर म्हणून राहते, चुन्याशी तिचा संयोग होत नाही. १९९० च्या दशकात इंग्लंडमध्ये स्मीटनच्याच नावाने झालेल्या चुन्याच्या मालाच्या संशोधनात हेच दिसले की कमी आचेवर भाजलेल्या विटेची अगदी बारीक पूड चुन्याला बळ देते. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसने नदीच्या वाळूत कुटलेल्या विटेचा तिसरा हिस्सा मिसळायला सांगितले होते. आपले जुने गवंडी हे अनुभवाने जाणत होते. त्याच संशोधनात आणखी एक गोष्ट पुढे आली आणि ती आपल्या प्रत्येक कामावर लागू आहे. चुन्याच्या मालात थोडेसे सिमेंट टाकले तर माल सुधारण्याऐवजी बिघडतो. "चुन्याचंच करतो, फक्त लवकर धरावं म्हणून मूठभर सिमेंट टाकू का?" असे गवंडी हमखास विचारतो. त्याला नाही म्हणावे, आणि कारण समजावून सांगावे. ते मूठभर सिमेंट चुन्याला पक्के होऊ देत नाही आणि स्वतः धरण्याइतके पुरेही पडत नाही.

चुन्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचेही एक प्रचलित मत आहे, आणि तेही मला मान्य नाही. गूळ, हिरडा, बेलफळ, उडदाचे पाणी घातले की चुना वज्रासारखा होतो, आणि ही गुपिते हरवल्यामुळे आता तसे काम होणे नाही, असे ते म्हणतात. या पदार्थांना काही गुण आहेत. गुळाने माल मऊ राहतो आणि घालायला सोपा जातो, प्रमाण जास्त झाले तर घट्ट होणे लांबते. पण नीट न विरवलेला चुना, मातकट वाळू आणि उन्हात सुकवलेले काम यांना कुठलाही हिरडा वाचवत नाही. चांगल्या दरजेचे श्रेय चेचणीला, दाबून भरण्याला आणि ओलसर ठेवण्याला आहे. गुपितांच्या गोष्टींनी सामान्य घरमालक उगाच घाबरतो आणि पुन्हा सिमेंटकडे वळतो.

काम कसे करावे, ते थोडे तपशिलाने सांगतो. आधी सगळी भिंत खरवडायची नाही. जिथे जुना माल किल्लीच्या टोकाने सहज ओरखडत नाही तिथे हात लावू नये. सुटलेला, पोकळ झालेला, आत गेलेला तेवढाच काढावा. ग्राइंडर भिंतीजवळ आणू देऊ नये; चकती क्षणभर वाकडी गेली की विटेची भाजलेली कड कापली जाते, आणि ती कड हेच विटेचे कवच असते. अरुंद छिन्नी आणि हलकी हातोडी पुरते. दरजेच्या रुंदीच्या दोन ते अडीचपट खोलीपर्यंत काढावे, आतला तळ सपाट ठेवावा, टोकदार खाच नको. ब्रशने धूळ झाडावी, वरून खाली पाणी मारावे आणि विटा ओलसर पण निथळलेल्या असताना भरायला घ्यावे. दरजेएवढ्या रुंदीच्या पट्टीने माल आत रेटून, थरांत, मागे पोकळी न ठेवता भरावा. विटेच्या तोंडावर माल पसरू देऊ नये. कडा गोल झालेल्या असतील तर दरज जरा आतच थांबवावी, नाहीतर विटेवर पातळ झालर राहते आणि ती पहिल्या पावसातच सुटते. माल अंगठ्याने दाबला तर ठसा उमटू नये पण नखाने ओरखडा पडावा, इतका घट्ट झाला की ताठ ब्रशने टोकून घ्यावा. वरची चिकट साय निघून वाळूचे कण दिसू लागतात आणि दरजेला सुकायला पृष्ठभाग जास्त मिळतो. त्यानंतर ओली गोणपाटे लावून निदान दोन आठवडे ऊन आणि वारा अडवावा. म्हणूनच हे काम दिवाळीनंतर काढावे, एप्रिल-मेमध्ये नाही.

आता खर्च. चुन्याचे काम महाग असते म्हणतात. या कामात पैसा जातो तो मुख्यतः मजुरीत: खरवडणे, साफ करणे, भरणे, परांची. नीट केलेल्या सिमेंटच्या कामालाही ही मजुरी लागतेच. स्वस्त पडते ते न खरवडता वरून थापलेले सिमेंट, आणि ते दुरुस्तीच नाही.

हे सगळे चुन्यात किंवा मातीत बांधलेल्या घरांबद्दल झाले. १९६०-७० नंतर सिमेंटात बांधलेल्या, उघड्या विटांच्या बंगल्यांना चुना-सुरखी सक्तीची करण्याचे कारण नाही. तिथे वीट बहुधा जास्त भाजलेली असते. पण तिथेही एकास तीनचा कडक माल नको. एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू हा मिश्रमाल पुरेसा आहे, आणि आय.एस. १९०५ च्या कोष्टकातही तो आहे. घर नेमके कोणत्या मालात आहे, हे मात्र आधी बघून घ्यावे. जुन्या दरजेचा एक खडा सौम्य आम्लात टाकला की चुना फसफसून विरघळतो आणि तळाशी वाळू व सुरखीचे तांबूस कण उरतात. ते धुऊन, वाळवून, उन्हात तळहातावर धरून बघितले की नव्या मालाला कोणत्या जाडीची आणि कोणत्या रंगाची वाळू लागेल हेही समजते.

राहता राहिली ती घरे, जिथे सिमेंट आधीच भरून झाले आहे. त्यांच्या मालकांनी हे वाचून उद्याच छिन्नी हातात घेऊ नये. विटेला घट्ट धरलेले सिमेंट ओढून काढताना विटेचे तोंडही बरोबर येते, आणि मग दुरुस्तीनेच जास्त नुकसान होते. जिथे पट्टी सुटली आहे, ठोकल्यावर पोकळ वाजते, तिथली काढावी आणि तेवढ्या जागेत चुना-सुरखी भरावी. उरलेली दर दोन-तीन वर्षांनी पावसाळ्यानंतर ठोकून बघावी. लोणा फुलला असेल तर कोरड्या ब्रशने झाडून, सुपात धरून घराबाहेर टाकावा. पाण्याने धुतला की तो पुन्हा भिंतीत शिरतो. आणि भिंतीला हात लावण्याआधी जोत्याभोवतीची फरसबंदी उखडून पाण्याला वाट करून द्यावी. पुष्कळ घरांत पहिल्या दोन वर्षांत एवढेच काम पुरते.